जामातली अंगठी

आमच्या घरात ‘कसं केलं?’ असं विचारायला बंदी होती. ही बंदी मुळात जादूपुरती होती, पण हळूहळू ती सगळ्या घरात मुरली. आईची खट्टी दाळ खाऊन शेजारच्या काकूंनी कृती विचारली की आई नानांकडे तिरका डोळा टाकायची आणि म्हणायची, “अहो, आमच्यात विचारत नसतात.” काकू हसायच्या, नाना हसायचे नाहीत. नाना म्हणजे माझे वडील. दिवसभर ते सरकारी कचेरीत नकाशे सांभाळायचे आणि उरलेल्या वेळात ते प्रोफेसर बिदरकर असायचे. हैदराबादेत त्या काळी जादूच्या प्रत्येक माणसाला प्रोफेसर, प्रिन्स नाहीतर उस्ताद यांपैकी काहीतरी व्हावंच लागायचं. नानांचा काळा कोट, आतून लाल अस्तर, दाराआड खुंटीला असायचा आणि त्याच्या खिशात हात घालायची आम्हां दोघा भावंडांची हिंमत नव्हती. आई मात्र त्याच कोटाला निवांतपणे इस्त्री करायची.

गौलीगुड्याला बस अड्ड्यामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड होतं. पुढची एक खोली, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक अंधारी खोली आणि वर गच्ची. सकाळपासून कंडक्टरांच्या आरोळ्या आणि बसचे भोंगे ऐकू यायचे, त्यांच्या मधूनमधून अजान आणि देवळातली घंटा. एवढ्या गोंगाटात आम्ही एकमेकांशी मोठ्यानं बोलायला शिकलो होतो, फक्त रविवारी दुपारी हळू बोलायचं. रविवारी पुढच्या खोलीत बैठक भरायची. शहरातले पाचसहा जादूगार जमायचे. त्यांत नामपल्लीला घड्याळं दुरुस्त करणारे खलीलचाचा हे नानांचे तरुणपणापासूनचे मित्र, शाळेत गणित शिकवणारे सत्यमगारू, आणि आणखी दोघंतिघं. दार आतून लावलेलं, वरच्या झरोक्याला कागद डकवलेला, दाराखालच्या फटीला गोधडी. चहाचा ट्रे मी बाहेर स्टुलावर ठेवायचा, दारावर टकटक करायची आणि स्वयंपाकघरात निघून जायचं. मी गेल्याची खात्री झाली की कडी निघायची. आतून पत्ते पिसल्याची फर्र, पितळी वाटीत पडलेलं नाणं, मग बराच वेळ शांतता, आणि शेवटी खलीलचाचांचं “वाह बिदरकर साब, वाह.” बायकांना बैठकीत मज्जाव होता. तो नियम कुणी केला हे कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे तो मोडायचा कुणी हेही ठरत नव्हतं.

नानांचा हुकमी प्रयोग होता जामातली अंगठी. जाम म्हणजे पेरू. आमच्या हैदराबादेत पेरूला पेरू म्हटलं तर फळवाला तोंडाकडे बघत राहतो. प्रेक्षकांतल्या कुणाची तरी अंगठी घ्यायची, रुमालात गुंडाळायची, रुमाल झटकला की अंगठी नाही. मग जामांची टोपली पुढे करायची, त्यातला कुठलाही एक जाम प्रेक्षकानंच उचलायचा, त्यानंच सुरीनं चिरायचा, आणि बियांच्या गराच्या मधोमध त्याची अंगठी. बाकीचे प्रयोग नानांनी कुणाकडून तरी घेतलेले होते. हा मात्र त्यांचा स्वतःचा होता, आणि नामपल्लीच्या नुमाईशीत, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रदर्शनात, दर हिवाळ्यात लोक त्यासाठी थांबायचे. घरातल्या प्रत्येकाकडे त्यातलं आपापलं तेवढं काम होतं. आई कोट शिवायची, मोहनदादा टोपली आणायचा आणि मी बशी धरायची. बशी धरताना नजर प्रेक्षकांकडे, जामाकडे नाही, अशी मला ताकीद होती. शेजारी उभं राहूनही मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. मैत्रिणी विचारायच्या, “तुला तर माहीतच असेल गं.” मी गूढ हसायची आणि मनातून जळायची. कॉलेजात गेले तरी मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, नानांनी मला जवळ बसवून ते सांगावं. प्रयोग करून दाखवायचा नव्हता मला. त्यांनी मला सांगण्यालायक समजावं, एवढंच होतं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस दिलसुखनगरचा एक तरुण बैठकीत यायला म्हणून आला. मुरली त्याचं नाव. बैठकीची रीत अशी होती की नव्या माणसानं एक प्रयोग करायचा, तो जुन्यांना उलगडता कामा नये, आणि मग त्याचं गुपित सगळ्यांसमोर सांगायचं. सांगितलं की तो आपला झाला. त्या दिवशी नानांनी कधी नव्हे ते दार अर्धं उघडलं आणि म्हणाले, “कुंदा, एक लिंबू आण. आपल्या घरातलं.” मी आईच्या टोपलीतलं लिंबू नेऊन दिलं. तेवढ्यात दार लावायचं कुणाला सुचलं नाही म्हणून मी पाहिलं. मुरलीनं खलीलचाचांच्या शेरवानीचं सैल झालेलं बटण मागून घेतलं, मुठीत धरलं, मूठ उघडली तर रिकामी. मग नानांनीच लिंबू चिरलं. बटण आत. माझ्या आईच्या टोपलीतल्या लिंबात! खोलीत कुणी वाह म्हटलं नाही. सत्यमगारू म्हणाले, “बागुंदी, छान आहे. आता सांग.” मुरलीनं मान खाली घातली. “वो नहीं बताता सार. वो मेरा है.” नाना म्हणाले, “इथे सगळे आपलं सांगतात.” “माफ करना सार,” एवढंच तो परत परत म्हणत राहिला. त्याला बैठकीत घेतलं नाही. बाहेर चपला घालताना त्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, “नींबू अच्छा था, अक्का.” माझ्याहून थोराड दिसणारा तो मुलगा मला अक्का म्हणाला याचंच मला हसू आलं. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, गुपित राखण्याची शपथ घेतलेल्या त्या सगळ्यांत खरं गुपित राखणारा तोच एक होता, आणि त्यालाच त्यांनी दाराबाहेर ठेवलं.

हिवाळा लागला, हातगाड्यांवर जाम आले, आणि एका रविवारी खलीलचाचा बैठकीआधीच धापा टाकत जिना चढून आले. दार लावायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं, “बिदरकर साब, वो दिलसुखनगर का छोकरा आपका जाम काट रा बोलके सुना मैं. अंगूठी बी निकालरा.” त्या दिवशी बैठक लवकर आटोपली आणि त्या दिवसापासून आमच्या घराला कीड लागली. नाना जादूच्या सामानाच्या ट्रंकेच्या कुलपावर केस चिकटवून ठेवायला लागले, तो जागचा हलला आहे का ते ऑफिसातून आल्या आल्या बघायचे. कुणाचा हात लागला तर ठसा उमटावा म्हणून फळीवर पावडर भुरभुरायचे. आईनं ती पुसून काढली तर तिची उलटतपासणी झाली. दादाचे मित्र घरी आले की ते कुठे राहतात, दिलसुखनगरला कुणी नातेवाईक आहे का, अशी चौकशी. मी मैत्रिणीकडून उशिरा आले तर, “कोण कोण होतं तिथे?” खलीलचाचा चहा पीत असताना नाना त्यांच्या बोटांकडे बघत बसायचे. मला तो नानांचा चेहरा मुळीच आवडायचा नाही. स्वतःच्या घरात पाऊल टाकताना आपण कुणाच्या तरी नजरेखालून चाललोय असं सारखं वाटायचं, आणि काही केलेलं नसतानाही मी चोरासारखी वागायला लागले होते.

अशातच एका संध्याकाळी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. आई खाली दळण निवडत होती. नानांनी कठड्यावरून गल्लीत डोकावून पाहिलं, शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या मागे कुणी नाही ना ते पाहिलं, मग खिशातून एक जाम काढून माझ्या हातात ठेवला. “कुंदा, तू आता मोठी झालीस,” ते म्हणाले. “कुणाला तरी ठाऊक असलं पाहिजे. मोहनचं लक्ष नसतं. तुला सांगतो.” मग हलक्या आवाजात त्यांनी सांगितलं. जाम आधी रात्रभर मिठाच्या दाट पाण्यात ठेवायचे. त्यानं साल नरम पडते, बुडाशी घेतलेली चीर आपोआप मिटते, नुसत्या डोळ्याला दिसत नाही. बाकीचं हातचलाखीचं काम. “बास, इतकंच?” मी म्हटलं. नाना म्हणाले, “इतकंच असतं नेहमी. म्हणून तर सांगायचं नसतं.” किती खरं वाटलं मला ते! मी त्यांच्या पाया पडले. कारण नसताना पडले. नाना क्षणभर गोंधळले आणि दुसरीकडे बघायला लागले. त्या नजरेचा अर्थ मला लागला तो नंतर.

पुढचे काही आठवडे मी जमिनीवर नव्हते. मिठाची बरणी समोर आली तरी मला हसू फुटायचं. जिवलग मैत्रिणीला नाही, आईला नाही, कुणाला एक अक्षर बोलले नाही; झोपेत बरळेन की काय या भीतीनं तोंडावर पांघरूण घेऊन झोपायची. दादाकडे बघताना मला त्याची कीव यायची, बिचारा, याला ठाऊक नाही. गंमत म्हणजे दादाही माझ्याकडे तसंच बघत असायचा, थोडा दयेनं, थोडा मोठेपणानं. मला वाटायचं इंजिनिअरिंगला गेल्याचा तोरा असेल. आई तर पोळ्या लाटता लाटता नानांकडे बघून स्वतःशीच हसायची. घरात सगळ्यांचे चेहरे असे एकाच वेळी का उजळलेत हे मला कळायला हवं होतं, पण आपल्याच आनंदात असलेल्या माणसाला दुसऱ्याचं कुठे काय दिसतं.

मग नाना म्हणाले, दिलसुखनगरला जायचं, मुरलीचा खेळ बघायला. एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्याचा कार्यक्रम होता. एकटा जादूगार हॉलमध्ये दिसला की ओळखला जातो, मुलीबरोबर आलेल्या बापाकडे कुणी बघत नाही, म्हणून मी बरोबर. नानांनी माकडटोपी कानांवर ओढली, काळा चष्मा लावला. त्या अवतारात ते इतके संशयास्पद दिसत होते की दारावरच्या मुलानं त्यांना दोनदा हटकलं. आम्ही मागच्या रांगेत बसलो. मुरली काळ्या कोटात नव्हताच, साधा पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यानं एका प्राध्यापकबाईंची अंगठी मागितली. पुढे सगळं तेच झालं, टोपली, सुरी, जाम, आणि आतून अंगठी. हॉल टाळ्यांनी दणाणला. मी नानांकडे पाहिलं तर ते टाळ्या वाजवत नव्हते, पुढे वाकून बघत होते. मग मुरलीची आई असावी असं वाटणारी एक बाई उरलेले जाम चिरून फोडी प्लेटमधून रांगारांगांतून फिरवायला लागली. आमच्यापर्यंत प्लेट आली. मी एक फोड उचलली, खाल्ली, छान होती. नानांनीही उचलली. आधी वास घेतला, देठाकडची बाजू उजेडात धरून पाहिली, सालीवरून नख फिरवलं, आणि मग ती जिभेवर ठेवली. त्यांचा चेहरा एकदम उतरला. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की मी घाईनं स्टेजकडे बघायला लागले.

परतीच्या बसमध्ये नाना मला खिडकीपाशी बसवून स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी त्यांच्या माकडटोपीकडे बघत विचार करत होते, आपलं काय चुकलं? टाळ्या वाजवल्या म्हणून रागावले? घरी आल्यावर आईनं विचारलं, “कसा झाला हो?” आणि लगेच जीभ चावली. नाना हातपाय धुऊन न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईनं अंबाडीची भाजी, ज्वारीच्या भाकऱ्या आणि खट्टी दाळ केली होती. नानांना ब्लड प्रेशर, डॉक्टरांनी कैक वर्षांपूर्वीच मीठ बंद केलेलं, त्यामुळे त्यांची बिनमिठाची वाटी नेहमीसारखी वेगळी काढलेली. नानांनी भाकरी मोडलीच नाही. ताटावरून नजर न उचलता म्हणाले, “कुंदा, मिठाच्या पाण्याचं तू कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही. शप्पथ.”

“मग त्या पोराचा जाम खारट कसा लागला?”

आमच्या घरात ‘कसा’ हा शब्द नानांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात दादानं भाकरी खाली ठेवली. “कसलं मिठाचं पाणी?” तो म्हणाला. “तापवलेली तार ना? देठातून घालायची?” मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो नानांकडे बघत होता. “नाना, तुम्ही मला तार म्हणालात. मी आता मोठा झालो म्हणालात.”

कुणीच जेवत नव्हतं. आई दाळ वाढता वाढता थांबली. “मला तर म्हणाले, जाम झाडावर कोवळा असतानाच त्यावर अंगठी बांधायची,” ती म्हणाली, “मग फळ तिच्याभोवती वाढतं.” आणि पळी पातेल्यात ठेवून ती हसायला लागली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “मला तेव्हाच कळलं होतं हो. लोकांची अंगठी आधीच झाडावर कशी जाईल? पण म्हटलं, एवढं गच्चीवर नेऊन सांगताहेत, ऐकून घ्यावं.”

नाना आता वर बघायला लागले. त्यांनी समजावून सांगितल्यासारखं सांगितलं, जणू आम्हाला ते पटणारच होतं. “आमच्यात जुनी पद्धत आहे ही. एकाला एक सांगायचं, दुसऱ्याला दुसरं. बाहेर कुठलं येतं त्यावरून भोक कुठे आहे ते कळतं. तार असती तर देठ करपलेलं दिसलं असतं. मीठ असलं तर चवीला लागणार. आणि लागलं.”

“अहो, या गावात जाम मिठाशिवाय कोण खातं?” आई ओरडली. आईला ओरडताना मी फार थोड्या वेळा ऐकलंय. “हातगाडीवाला आधी मीठ लावतो, मग हातात देतो. त्या बाईनं प्लेट फिरवायच्या आधी वरून मीठ भुरभुरवलं असेल! तुम्ही इतकी वर्षं अळणी खाताय, तुम्ही विसरलात. म्हणून पोरीला चोर ठरवायचं?” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “आणि माझ्यावर तर संशयसुद्धा नीट घेतला नाहीत. झाडाला अंगठी म्हणे.”

मी रडत होते, पण रडता रडताच मला लिंबू आठवलं. मी म्हटलं, “नाना, त्यानं आपल्याच घरातल्या लिंबातून चाचांचं बटण काढलं होतं. मी दिलं होतं लिंबू. त्याला तुमचं कशाला चोरावं लागेल?” नानांचा चेहरा पांढरा पडला. आज मी त्यांच्या त्या वयाहून मोठी आहे आणि मला ते स्वच्छ दिसतं. घरात चोर आहे असं मानणं त्यांना सोपं होतं. दिलसुखनगरचं ते पोर आपल्याइतकं, कदाचित आपल्याहून चांगलं आहे, हे मानणं त्यांना झेपणारं नव्हतं. तेव्हा मला एवढं काही कळलं नाही. एकच कळलं की गच्चीवर त्यांनी मला जवळ घेतलं नव्हतं, माझ्यासाठी सापळा लावला होता, आणि मी त्या सापळ्याच्या पाया पडले होते.

दारात खलीलचाचा उभे होते. बैठकीला लवकर आले होते, दार उघडं होतं, हातात उस्मानिया बिस्किटांचा पुडा. कधीपासून उभे होते कोण जाणे. नानांनी त्यांना पाहिलं आणि ताटावरून अर्धवट उठले.

“मेरेकू मोम बोले थे,” चाचा म्हणाले. अगदी हळू म्हणाले. “चीर कू मोम से बंद करते बोलके. ईद के दिन बुला के बोले थे.”

“खलीलभाई, आत या, बसा,” नाना म्हणाले.

“मेरेकू बी, बिदरकर साब?” चाचा तिथूनच म्हणाले. “इत्ते बरसां का साथ है अपना.” त्यांनी बिस्किटांचा पुडा बाहेरच्या स्टुलावर, जिथे मी चहाचा ट्रे ठेवायची तिथे, ठेवला. “भाभी, चाय नक्को आज.” जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला.

बैठक पुढे सत्यमगारूंच्या घरी भरायला लागली, पण तिथेही टिकली नाही. प्रत्येकाला वाटायचं, आपल्याला सांगितलेलं खरं की शेजारच्याला सांगितलेलं? नाना तिकडे गेले नाहीत. नुमाईशीतला जामाचा प्रयोग त्यांनी बंद केला, कारण विचारलं तर ‘यंदा जाम बरे नाहीत’ असं काहीतरी सांगायचे. रविवारी दुपारी ते पुढच्या खोलीत एकटेच पत्ते घेऊन बसायचे आणि दार मुद्दाम उघडं ठेवायचे. झरोक्याचा कागदही काढून टाकला होता. येता जाता कुणीही आत बघू शकलं असतं. आम्ही कुणीच बघायचो नाही. मी चहा नेऊन समोर ठेवायची आणि त्यांच्या हातांकडे नजर न टाकता परत यायची. हा माझा सूड होता आणि मला त्याचं अजून वाईट वाटत नाही. माफी मात्र त्यांनी कधी मागितली नाही, आणि आमच्या घरात ती मागायची कशी हे कुणाला ठाऊकही नव्हतं. खलीलचाचा बऱ्याच काळानंतर परत यायला लागले. दोघं राजकारणावर, उन्हाळ्यावर, गुडघ्यांवर बोलायचे. पत्त्यांचा जोड टेबलावर पडलेला असायचा, त्याला दोघांपैकी कुणी हात लावायचं नाही.

आई आधी गेली. नानांची शेवटची वर्षं माझ्याकडे गेली, दिलसुखनगरच्या माझ्या फ्लॅटवर. ज्या दिलसुखनगरचं नाव घेतलं की ते दात आवळायचे तिथेच ते गॅलरीत बसून मेट्रो बघायचे. शेवटच्या हिवाळ्यात एका दुपारी त्यांनी मला जाम आणायला सांगितलं. हातात घेतला, पण हात थरथरत होता म्हणून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “कुंदा, आता खरं सांगतो.” बराच वेळ लावून, थांबत थांबत, त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. मी त्यांचा हात धरून हं हं म्हणत होते. म्हातारा बाप मरणाआधी आपल्याला जवळ करतोय म्हणून माझा जीव गलबलत होता, आणि त्याच वेळी मनाच्या एका कोपऱ्यात मी त्यांचे डोळे वाचत होते, दुसरीकडे तर बघत नाहीत ना. पुढच्याच आठवड्यात दादा पुण्याहून आला. एका दुपारी तो नानांच्या खोलीत गेला आणि दार लागलं. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मी लगेच ओळखला. त्या हिवाळ्यात गौलीगुड्याच्या घरात आम्ही सगळे तोच चेहरा घेऊन हिंडत होतो. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

नाना गेल्यावर मुरली भेटायला आला. तोही म्हातारा झालेला, काठी घेऊन. म्हणाला, “अक्का, मैंने सार का नहीं लिया था. मेरा अलग था.” मी म्हटलं, मला माहीत आहे. जाताना दारात थांबून म्हणाला, “सार वाला मेरेकू आज तक नहीं समझा.” हे नानांनी ऐकायला हवं होतं असं मला इतकं वाटलं की मी त्याला पुन्हा आत बोलावून चहा पाजला.

आता सगळं उघड्यावर आलंय. जादूची गुपितं सांगणारे व्हिडिओ तरुण मुलं मोबाइलवर टाकतात. सत्यमगारूंचा नातू तेच करतो. मध्यंतरी कॅमेरा घेऊन आला, बैठकीच्या आठवणी सांगा म्हणाला, आणि हळूच जामावर आला. मी गॅलरीत डोकावून पाहिलं, दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला आणि सांगितलं, “रात्रभर मिठाच्या दाट पाण्यात ठेवायचे.” पोरगं भारावून गेलं. त्याच्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलंय की प्रयोग जमला नाही, पण जाम फार चविष्ट झाला होता.

तो व्हिडिओ पाहून परवा दादाचा फोन आला. आधी पोट धरून हसला. “तूच ना?” म्हणाला. “मीच,” मी म्हटलं. मग म्हणाला, “कुंदे, शेवटी नानांनी तुला...?”

“हो,” मी म्हटलं. “तुला?”

“मलाही.” लगेच तोच पुढे म्हणाला, “असं करू. मी माझं सांगतो, तू तुझं सांग. एकदाचं मिटेल.”

ओट्यावर जाम होते. दोघांचं एकच निघालं तर नानांनी शेवटी आम्हाला आपलं मानलं. वेगळं निघालं तर त्या हाताचा, त्या थरथरीचा मी काय अर्थ लावायचा? एका वाक्याचं अंतर होतं आणि मला ते ओलांडायची भीती वाटली, शुद्ध भीती, दुसरं काही नाही. मी म्हटलं, “नक्को रे दादा.”

“मलाही नकोच होतं,” तो म्हणाला आणि सुटल्यासारखा श्वास टाकला.

फोन ठेवून मी एक जाम चिरायला घेतला. मीठ जवळ ओढलं. दोन फोडी वेगळ्या झाल्यावर आत वाकून बघितलं. जाम चिरताना मी अजूनही दर वेळी आत बघते.